तेलरंग शिकताना

माझी मुलगी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिच्या कपाटात एक लाकडी पेटी मागे राहिली. चित्रकलेचा अभ्यासक्रम करत असताना तिने घेतलेले तेलरंग होते ते. काही नळ्या अर्ध्या, काही न उघडलेल्या. "अम्मी, कुणाला तरी देऊन टाक," ती फोनवर म्हणाली. मी हो म्हटले आणि पेटी पुन्हा कपाटात ठेवली.

ही गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. माझे वय तेव्हा ५४. आठवीत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा पास झाले होते. त्यानंतर हातात ब्रश आला तो फक्त ईदच्या आधी खिडक्यांना ऑइलपेंट लावण्यासाठी. पण त्या वर्षी मनात एक गोष्ट सलत होती. मुलांचे अब्बा जुलैच्या शेवटच्या तारखेला खाणीतून निवृत्त होणार होते. म्हणजे घुग्घुसचे हे क्वार्टर सोडायचे. या दोन खोल्यांत मी २९ वर्षे काढली. इथेच मुले झाली, इथूनच सासऱ्यांचा जनाजा निघाला. मागच्या अंगणात त्यांनी लावलेला कडुलिंब आता छपराच्या वर गेला आहे. फोटो काढता आले असते, काढलेही. पण फोटो एका क्षणात होतो. मला त्या घराकडे खूप वेळ बघत बसायचे होते आणि त्यासाठी काहीतरी निमित्त हवे होते. ते निमित्त त्या पेटीत निघाले.

घरात आधी विचारणे भाग होते. सासूबाई, ज्यांना मी अम्मीच म्हणते, ८० च्या घरात आहेत. त्यांची पहिली शंका मला माहीतच होती. "तस्वीर काढणार? माणसांची?" मी म्हटले, "नाही अम्मी. दार, झाड, अंगण, भांडी." या विषयावर उलेमांमध्ये मोठी चर्चा आहे आणि ती करण्याइतके माझे इल्म नाही. पण चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि ज्यांत जीव नाही अशा वस्तू काढायला सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. तेवढी वाट मला पुरेशी होती. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नमाजच्या भिंतीवर लावू नकोस म्हणजे झालं."

मुलांचे अब्बा मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला होकारही वाटेना आणि नकारही. एकदा जेवताना एवढेच म्हणाले, "या वयात?" मी ताटात भाजी वाढली आणि विषय तिथेच राहिला.

मुलीला शिकवणारे सर आता निवृत्त होऊन चंद्रपूरला राहतात. दर दुसऱ्या रविवारी बसने त्यांच्याकडे जायचे ठरले. पहिल्या दिवशी त्यांनी मला रंग लावूच दिला नाही. पेटीतल्या वीसेक नळ्यांतून पाच बाजूला काढल्या. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक लाल. "भाभी, सहा महिने एवढ्यावरच काम करायचं," ते म्हणाले. यलो ऑकर म्हणजे पिवळी मातीच. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली तांबूस माती, आपल्या गेरूची बहीण म्हणा. ही नावे परकी वाटली तरी रंग अंगणातलेच आहेत हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

ब्रशची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझ्यासारखी नवशिकी बहीण हमखास फसेल. तेलरंग घट्ट असतो, म्हणून त्याला ताठ केसांचा ब्रश लागतो. दुकानात मागितला तर बहुधा 'हॉग ब्रिसल'चा ब्रश हातात पडतो. मीही तसे चार आणले होते. व्हिडिओ कॉलवर मुलीने ते पाहिले आणि म्हणाली, "अम्मी, हॉग म्हणजे डुक्कर. ते डुकराचे केस आहेत." मी ब्रश तिथेच खाली ठेवले आणि हात धुऊन आले. आता मी नायलॉनचे, म्हणजे सिंथेटिक ताठ ब्रश वापरते. पाकिटावर 'सिंथेटिक' लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. काम तितकेच चांगले होते.

दुसरी गोष्ट वुजूची. तेलरंग नखांत आणि त्वचेवर सुकला की त्याचा पापुद्रा धरतो आणि खाली पाणी पोहोचत नाही. त्यामुळे मी फजरनंतर घरातले आटोपून दहा ते बारा एवढाच वेळ ठेवला. बारा वाजले की थांबायचे. हाताला आधी थोडे खायचे तेल चोळायचे, जुन्या कापडाने पुसायचे, मग साबण. तेलाने तेल सुटते. नखे बारीक कापलेली असली की जोहरच्या वुजूला काही अडचण येत नाही.

आता मुख्य गोष्ट, तेल. या रंगात जे तेल असते ते जवसाचे. सरांनी बाटली दाखवली तेव्हा मला हसूच आले. विदर्भात जवस कुणाला माहीत नाही! जवसाची चटणी तर आमच्या घरात बारमाही असते. मी मनात म्हटले, बाटलीला कशाला पैसे घालायचे? घाण्यावरून जवसाचे तेल आणले आणि रंगात सढळ हाताने ओतले. कडुलिंबाचे खोड रंगवले होते. आठ दिवसांनी बोट लावले तर चिकट. पंधरा दिवसांनी चिकट. महिन्याने त्यावर दोन माश्या आणि अख्ख्या घुग्घुसची धूळ चिकटून बसली होती.

आमच्या गावाची धूळ ठाऊक नसणाऱ्यांना सांगते. वर्धा नदीच्या काठचे हे गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, गावात सिमेंटचा कारखाना आणि लोखंडाचा कारखाना. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी बोटाने लिहिण्याजोगी होते. अशा गावात महिनाभर ओला राहणारा रंग म्हणजे धुळीला आमंत्रणच.

मी ते चित्र अम्मींना दाखवले आणि म्हटले, हे तेल सुकतच नाही. त्या म्हणाल्या, "जवसाचं तेल सुकत नाही? कोण म्हणतं? माझ्या माहेरी सगळा स्वयंपाक त्याच तेलात व्हायचा. तेलाच्या डब्याला बाहेरून असा पिवळा लेप चढायचा की राख लावून घासता घासता हात दुखायचे. सुकतं, पण पातळ असेल तर. डब्यातलं तेल कधी सुकतं का?"

पुढच्या रविवारी सरांनी नेमके हेच सांगितले, फक्त शब्द वेगळे होते. पाणी वाळते म्हणजे उडून जाते. जवसाचे तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून थर पातळ हवा. पातळ थर काही दिवसांत बोटाला लागेनासा होतो, जाड थराला आठवडे किंवा महिनेही लागतात. चित्रकारांसाठीचे तेल साफ केलेले असते, घाण्याच्या तेलातला चिकट अंश त्यात नसतो. सर हेही म्हणाले की तेलरंग युरोपातून आला असे आपण मानतो, पण अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांत सातव्या शतकाच्या सुमाराची भिंतीवरची चित्रे आहेत आणि त्यांच्या रंगात खसखस आणि अक्रोडाचे तेल सापडले आहे. मला अम्मींचा तेलाचा डबा आठवला. जी विद्या शिकायला मी बसने चंद्रपूरला जात होते, तिचा पहिला धडा आमच्या चुलीशेजारी बसला होता.

तेलरंगाचा एकच कायदा पाठ करा, असे सर सांगत. खाली पातळ, वर तेलकट. पहिला थर तारपिनात पातळ केलेला, जवळजवळ तेल नसलेला. तो सुकला की दुसरा, किंचित तेल घातलेला. तिसऱ्यात आणखी थोडे. याच्या उलट केले, म्हणजे खाली तेलकट आणि वर पातळ लावले, तर वरचा थर आधी सुकतो, खालचा त्यानंतरही हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

घुग्घुसच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या गावच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली, हा अल्लाहचा करम. त्या जमिनीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. वरून भिंती, छप्पर, सगळे ठीक दिसत होते. खालचे पक्के नव्हते. सरांचा कायदा मी वहीत लिहून घेतला, पण तो विसरणे मला तसेही शक्य नव्हते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी कडुलिंब नाही, घराचे मागचे दार. दाराच्या आत खुंटीवर मुलांच्या अब्बांचे हेल्मेट, खाली गमबूट, बाजूला स्टीलचा डबा. ३५ वर्षे हे तिन्ही याच जागी असत. कॅनव्हास बोर्डवर आधी बर्न्ट सिएना तारपिनात पातळ करून सगळीकडे पुसून घेतला. पांढऱ्याशुभ्र बोर्डाची भीती वाटते, ती त्याने जाते. मग त्याच रंगाने सावल्या मांडल्या. चित्र आठ दिवस भिंतीकडे तोंड करून, थोडे पुढे झुकवून ठेवले, म्हणजे धूळ पाठीवर बसते.

बूट काळे, म्हणून मी काळ्या रंगाची नळी काढली. सरांनी ती माझ्या हातातून घेतली. "काळा रंग तुम्ही बनवायचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा." केले. निळे जास्त पडले की काळा थंड होतो, सिएना जास्त पडला की उबदार. एका काळ्यात इतके काळे असतात हे मला ५४ वर्षे कळले नव्हते.

त्याच दिवशी सरांनी मला सय्यद हैदर रझा यांच्याबद्दल सांगितले. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्म, वडील जंगल खात्यात. शाळेत मन लागत नव्हते म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक टिंब काढले आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितले. पुढे ते आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये, १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि जगभर नावाजले गेले. त्यांच्या चित्रांत माणसे फारशी नाहीत. आधी गावे आणि डोंगर, नंतर ते टिंब, बिंदू. २०१६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले. सरांना एवढेच सांगायचे होते की एकाच जागी बघत राहणे हाच पहिला अभ्यास आहे. मला मात्र जंगल खात्यातल्या माणसाचा तो मुलगा आपल्या शेजारचाच वाटला.

मग मे महिना आला. चंद्रपूर जिल्ह्यातला मे काय असतो हे वेगळे सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे. मी रंग पुसलेल्या चिंध्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका गोणपाटाच्या पिशवीत कोंबून ठेवत असे, धुऊन पुन्हा वापरता येतील म्हणून. त्या दिवशी बाटली सांडली होती. तेलाने भिजलेले दोन मोठे फडकेही त्यातच घातले.

दुपारी चारच्या सुमारास मुलांचे अब्बा पहिल्या पाळीवरून आले. सायकल लावता लावताच थांबले. मान वर करून वास घेतला. "काहीतरी गरम होतंय," म्हणाले. मी म्हटले, "चहा ठेवलाय." "चहा नाही." ते सरळ शेडकडे गेले. पिशवीवर हाताचा पंजा ठेवला आणि लगेच उचलला. पिशवी अंगणात ओढली, काठीने चिंध्या पसरल्या. आतल्या फडक्याचा मधला भाग तपकिरी पडला होता आणि त्यातून बारीक धूर येत होता. मी बादलीभर पाणी ओतले. शेडमध्ये शेजारीच तारपिनाची बाटली होती आणि पलीकडच्या भिंतीला लागून अम्मींची खाट.

माझे पाय कापत होते. "मी काडी ओढली नाही, ऊनही तिथे येत नाही," एवढेच मी म्हणत राहिले.

ते पायरीवर बसले आणि त्यांनी मला समजावले. २९ वर्षांच्या संसारात खाणीबद्दल ते माझ्याशी इतके कधी बोलले नव्हते. कोळसा असाच पेटतो, ते म्हणाले. त्याला काडी लागत नाही. कोळसा हवेतला प्राणवायू ओढतो आणि त्यात थोडी उष्णता निर्माण होते. पसरलेला असेल तर उष्णता निघून जाते. ढिगाच्या पोटात ती अडकते, वाढत जाते आणि एक दिवस ढीग आतून धुमसू लागतो. भूमिगत खाणीत आग दिसण्याआधी वास येतो. तो वास ओळखता आला तर माणसे वाचतात. "तुझं तेलही हवा खाऊनच सुकतं ना? मग ते कोंबलेल्या चिंध्यांत तेच करणार."

सरांनी तेल कसे सुकते ते सांगितले होते. ते पेटूही शकते हे माझ्या नवऱ्याने सांगितले. दोन्ही गोष्टी एकच होत्या. ज्या प्राणवायूने माझे चित्र सुकत होते, त्यानेच माझ्या घराला आग लावली असती.

मला वाटले, आता हे सगळे बंद होणार. त्यांनी तसे म्हटले असते तर मी एक शब्दही बोलले नसते. पण दुसऱ्या दिवशी ते झाकणाचा लोखंडी डबा घेऊन आले. "चिंध्या यात टाकायच्या, वर पाणी घालायचं, झाकण लावायचं. नाहीतर तारेवर एकेक मोकळी वाळत घालायची. गोळा करून ठेवायची नाही." मग खिशातून कोळशाचा एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. "आणि तुझ्या बुटांवरची धूळ चुकली आहे. ती काळी नसते. हे बघ." बोटाने तुकडा चोळून दाखवला. नव्याने फुटलेली बाजू निळसर चमकत होती. बोटावरची भुकटी करडी, किंचित तपकिरी होती.

म्हणजे ते रोज माझे चित्र बघत होते.

त्यानंतर जूनपर्यंत ते चित्र जणू आम्हा दोघांचे झाले. ते ब्रशला हात लावत नसत. फक्त पायरीवर बसून सांगत. हेल्मेटचा पिवळा रंग पुढे फिकट झालाय, कारण घाम पुसताना हात तिथेच लागतो. डबा खालच्या बाजूला चेपलेला आहे, तो अमुक साली पडला तेव्हाचा. मी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारींची काळजी करत होते. या दुपारी तर आधीच भरून गेल्या. एकदा त्यांनी हळूच विचारले, "माझा चेहरा नाही ना काढणार?" मी म्हटले, "नाही. पण हे बूट बघून कॉलनीतलं कुणीही ओळखेल."

जूनच्या शेवटी शेवटचा थर लागला. पावसाने बाहेरची धूळ बसली, पण हवेतल्या ओलीने सुकायला जास्त वेळ घेतला. जवळून पाहिले तर गमबुटांच्या बाजूला रंगात कोळशाचे चार-पाच बारीक कण अडकलेले दिसतात. चिमट्याने काढता आले असते. सरांनी विचारले, काढू का? मी म्हटले, राहू द्या, ते तिथलेच आहेत.

आम्ही आता चंद्रपूरच्या छोट्या घरात राहतो. चित्र बैठकीत आहे, अम्मींच्या सांगण्याप्रमाणे नमाजच्या भिंतीवर नाही. त्यावर वार्निश अजून लावलेले नाही. तेलरंग वरून सुकला तरी आतून सहा महिने, कधी वर्षभर घेतो, त्याआधी वार्निश लावू नये. इन्शाअल्लाह, हिवाळा संपताना लावीन.

ज्या बहिणींना हे शिकायचे आहे त्यांना मी एवढेच सांगीन. पाच नळ्या, दोन सिंथेटिक ब्रश, एक बोर्ड आणि झाकणाचा लोखंडी डबा एवढ्यात सुरुवात होते. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, तारपिनाची वाफ चांगली नसते. तारपीन आणि रंग लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आणि शिकवणारा शोधण्याआधी घरातल्या माणसांना विचारून बघा. तेलाबद्दल, मातीबद्दल, आगीबद्दल त्यांना काय ठाऊक आहे ते आपण कधी विचारलेलेच नसते.

परवा मुलांचे अब्बा बाजारातून आले आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवले. नवा कॅनव्हास बोर्ड होता. "कडुलिंब राहिलाय," म्हणाले.